नवीन माणूस तिसऱ्या गुरुवारी येत नाही, तेव्हा काय तपासायचं

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात दर गुरुवारी रात्री साडेआठला विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात ज्ञानेश्वरीची चर्चा बसते. आधी हरिपाठ, मग वीस ओव्यांचं वाचन, त्यावर बोलणं, शेवटी पसायदान आणि फुटाण्यांचा प्रसाद. मंडळ जुनं आहे, माणसं मायाळू आहेत, पखवाज वाजवणारा तर पंचक्रोशीत नावाजलेला. तरी दरवर्षी एकच गोष्ट घडायची. आषाढीनंतर पाच-सात नवीन माणसं यायची. दुसऱ्या गुरुवारी त्यातली निम्मी दिसायची, आणि तिसऱ्या गुरुवारी पुन्हा आम्ही जुनेच एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

यावर आमचं एक ठरलेलं उत्तर होतं: "ज्याला ओढ असते तो टिकतो." मीही ते बरीच वर्षं म्हटलं. हजेरीची वही माझ्याकडे असते. एका दिवाळीत ती मागून पुढे चाळत बसले, आणि त्यानंतर मला ते वाक्य म्हणवेना. गळालेल्या नावांतली चार माणसं कार्तिकात रोज पहाटे काकड्याला देवळात येत होती. थंडीत चारला उठून येणाऱ्या माणसाला ओढ नाही असं कोण म्हणेल? त्यांना देव हवा होता. आमची बैठक त्यांना जड जात होती.

तेव्हापासून आम्ही एकेक गोष्ट तपासत गेलो. पारोळा, चोपडा, एरंडोल इकडच्या मंडळांतल्या ओळखीच्या बायकांकडूनही हीच तक्रार ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्या बदलाने सर्वांत जास्त फरक पडला तो आधी सांगते.

बसायची जागा

हा दोष मला दिसला तो चपलांजवळ बसल्यामुळे. त्या दिवशी माझा पाय मुरगळला होता, म्हणून आत न जाता दाराशीच टेकले होते. पंचविशीतला एक मुलगा आला, सुरतेहून सुट्टीवर घरी आलेला. त्याने चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. आत सगळे गोल करून बसलेले, म्हणजे निम्म्या लोकांच्या पाठी दाराकडे. त्याला खांबाजवळ मोकळी जागा दिसली, तिथे जाऊन बसला. लगेच कुणीतरी अगदी हळू, गोड आवाजात म्हणालं, "तिथं आबा बसतात हं." तो उठला. पलीकडे सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकला, तर तिथे टाळांची पिशवी ठेवायची असते. पुन्हा उठला. मग माझ्या शेजारी, चपलांच्या रांगेला लागून येऊन बसला. डोक्यावर पंखा खडखडत होता, वाचन काही ऐकू येत नव्हतं. पसायदानाच्या आधीच तो निघून गेला.

त्याला कुणी वाईट बोललं नव्हतं. दोनदा उठवलं, एवढंच. पण तो परत आला नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही आले नसते.

आम्ही गोल मोडला. आता अर्धगोल बसतो, मोकळी बाजू दाराकडे. आत येणाऱ्याला पाठी दिसत नाहीत, तोंडं दिसतात, आणि आतल्यांनाही कोण आलं ते दिसतं. दर गुरुवारी एकाची दाराशी पाळी असते. पाळीवाल्याचं काम म्हणजे उठून पुढे जायचं, "या माउली" म्हणायचं, आणि माणसाला वाचणाऱ्याच्या जवळ, पुढच्या बाजूला नेऊन बसवायचं. "बसा कुठंही" म्हणायचं नाही. नव्या माणसाला "कुठंही" म्हटलं की तो चपलांजवळच बसतो.

त्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी असते. चालू ओवीवर बोट ठेवून ती पोथी नवीन माणसाच्या पुढ्यात सरकवायची. इथे एक बारीक अडचण आली. काही जण घरची पोथी घेऊन येतात, आणि प्रत्येक प्रकाशनाच्या पोथीत पानं वेगळी. आम्ही मात्र सवयीने "पान अमुक काढा" म्हणायचो. ज्याची पोथी वेगळी तो पानं उलटत राहायचा आणि तोवर दहा ओव्या पुढे गेलेल्या असायच्या. आता वाचणारा अध्याय आणि ओवीचा क्रमांक मोठ्याने सांगतो. ओव्यांचे क्रमांकही पाठभेदामुळे कधी एक-दोनने मागेपुढे होतात, म्हणून ओवीचा पहिला शब्दही सांगतो आणि पोथ्या उघडेपर्यंत थांबतो.

आबांच्या जागेबद्दल मी एक चूक केली. "आजपासून कुणाची जागा ठरलेली नाही" असं भर बैठकीत बोलले. आबा पुढचे दोन गुरुवार आलेच नाहीत. मग मंडळातल्या जिभाऊंना घेऊन आबांच्या घरी गेले. आबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "माझा गुडघा वाकत नाही. उठताना खांबाला हात लागतो, म्हणून तिथं बसतो. मला मान कशाला पाहिजे?" वीस वर्षं आम्ही सगळे त्याला मान समजत होतो आणि त्यांच्या वतीने लोकांना उठवत होतो. आता खांबाशी एक लाकडी खुर्ची आहे आणि तिच्या शेजारची सतरंजी नवीन माणसासाठी राखलेली असते. आबा स्वतःच हाक मारून बोलावतात. म्हणून सांगते, जुन्या माणसांशी आधी घरी जाऊन बोला. बैठकीत ठराव करू नका.

"आडनाव काय तुमचं?"

आपल्याकडे नाव, मग गाव, मग आडनाव, हे प्रश्न एका दमात येतात. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतंही. पण ज्याला आयुष्यभर आडनावावरून मोजलं गेलं, त्याला तो प्रश्न दाराशीच थांबवतो. माझ्यासमोर एका माणसाने आडनाव सांगितलं आणि त्यानंतर क्षणभर जी शांतता पडली, ती मला अजून आठवते. त्यालाही आठवत असणार. तो फिरून आला नाही.

चोखोबांचे अभंग आम्ही डोळे मिटून म्हणतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्या अमळनेरात शिक्षक होते. त्यांनीच पुढे पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केलं. त्याच तालुक्यात, त्याच विठ्ठलाच्या सभामंडपात आपण दाराशी आडनाव विचारावं, हे मला सहन होत नाही. हे मी मंडळात स्पष्ट बोलले. दोघांना लागलं, पण नियम झाला: फक्त नाव विचारायचं, आणि त्यानंतर "कसं येणं केलं?" एवढंच. "माळ आहे का?", "अनुग्रह कुणाचा?" हेही नाही. ज्याला सांगायचं असेल तो पुढे आपणहून सांगतो.

दुसरी अडचण याच्या उलट बाजूची. नवीन माणसाला आपण कुणाला काय म्हणायचं हे कळत नाही. महाराज म्हणायचं, काका म्हणायचं की साहेब? बँकेतला साहेब शेजारी मांडी घालून बसला असेल तर त्याच्या पाया पडायचं का? म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकतो की इथे सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि पाया पडायचं तर सगळेच सगळ्यांच्या पडतात, वय बघत नाहीत. एवढं कळलं की माणसाचे खांदे सैल पडतात, हे मी पाहिलं आहे.

आपल्याच खानदेशात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं स्थान आहे. त्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने मोठे, ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा तर वयाने लहान. शेवटी कोरा कागद पाठवला, आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. दाराशी गप्प उभ्या राहिलेल्या माणसाला पाहिलं की मला तो कागद आठवतो. त्यालाही मायना सुचत नसतो.

अहिराणीतला प्रश्न

आमच्या बैठकीत बोलणारे बहुतेक शिकलेले. घरात अहिराणी, बैठकीत पुस्तकी मराठी. एकदा एका बाईंनी धीर करून म्हटलं, "माले हाई समजनं नही." आमच्यातल्या एकाने लगेच त्यांचं वाक्य शुद्ध करून सगळ्यांना सांगितलं: "त्यांचं म्हणणं आहे, हे मला समजलं नाही." वाक्य सगळ्यांना कळलेलंच होतं. बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या रात्री पुन्हा बोलल्या नाहीत.

आता दर वीस ओव्यांचा अर्थ एकदा अहिराणीत सांगायचा असं ठरलं आहे. सुरुवातीला अर्थ सांगणाऱ्या आमच्या मास्तरांना जमेना. अध्यात्म बोलायला लागलं की जीभ आपोआप पुस्तकी वळायची. मग त्यांनी आपल्या आईला समजावून सांगतो आहे असं धरून बोलायला सुरुवात केली. रावेर-यावलकडच्या मंडळांना लेवा बोलीत हेच करता येईल.

याचा फायदा फक्त नव्यांना झाला असं समजू नका. वैशाख वद्य दशमीला, मुक्ताबाईंच्या अंतर्धानाच्या तिथीला, आम्ही त्यांच्या ताटीच्या अभंगांवर बोलत होतो. भाऊ ज्ञानेश्वर आतून ताटी लावून बसले, तेव्हा बाहेरून विनवताना मुक्ताबाईंनी म्हटलेले हे अभंग. मास्तरांनी सांगितलं, ताटी म्हणजे दार. मागे एक म्हाताऱ्या माय बसल्या होत्या, दुसऱ्यांदाच आलेल्या. त्या म्हणाल्या, "दार नही वो, ताटी. ताटी आतून बांधतस." मग त्यांनी हाताने करून दाखवलं. शेतातल्या झोपडीला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, विणून ताटी करतात. तिला कडी नाही, कोयंडा नाही. रात्री आत शिरलं की दोरीने ती मेढीला, म्हणजे खांबाला, बांधून घ्यायची. बाहेरून ओढली तर ती मोडेल, पण उघडणार नाही. सोडायची ती आतल्यानेच. इतकी वर्षं आम्ही हे अभंग म्हणतो, पण बहिणीला बाहेर उभं राहून इतकं का विनवावं लागलं, ते आम्हाला त्या रात्री कळलं. मास्तर उठून मायच्या पाया पडले. माय आता आजारपण सोडलं तर एकही गुरुवार चुकवत नाहीत.

प्रश्न आला की पाच जण तुटून पडतात

जाणत्या मंडळात हा दोष हमखास असतो, कारण प्रत्येकाला उत्तर येत असतं. एका सुनेने विचारलं होतं, "आमच्या घरी श्रावणात कानबाई बसते. मी विठ्ठलाचं करायला लागले तर तिचं चुकणार नाही ना?" त्यावर एकाने एकनिष्ठ भक्ती सांगितली, दुसऱ्याने सगुण-निर्गुण काढलं, तिसरा म्हणाला की ही सगळी लोकांची समजूत आहे. मग त्या तिघांचंच जुंपलं आणि द्वैत-अद्वैतावर चाळीस मिनिटं गेली. मुलगी खाली मान घालून फुटाणे मोजत बसली.

खानदेशातलं घर एकाच देवाचं नसतं. कानबाईचे रोट होतात, चैत्रात पायी सप्तशृंगीला जातात, आणि ज्येष्ठात मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी निघाली की त्याच घरातला कुणीतरी दिंडीत असतो. तिचा प्रश्न घरातला होता, सासूला काय सांगायचं याचा. शास्त्रार्थ तिने मागितलाच नव्हता.

त्यानंतर आम्ही ठरवलं की नवीन माणसाच्या प्रश्नाला एकानेच उत्तर द्यायचं, आणि उत्तर देण्याआधी त्यालाच एक प्रश्न विचारायचा: "हे तुमच्या मनात कशावरून आलं?" बहुतेक वेळा खरा प्रश्न तिथेच निघतो. बाकीच्यांना भर घालायची असेल तर पुढच्या गुरुवारी. जुन्यांची आपापसातली खडाजंगी पसायदान झाल्यावर, पारावर. तिला माझा विरोध नाही, तिच्यात गोडी आहे. पण ती ऐकायची सवय व्हायला वर्ष लागतं.

सुनेकडे दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का गेलो. यंदा तिच्या घरी कानबाई बसली तेव्हा आमच्या मंडळाच्या बायकांनी रात्री तिथे जागरणाला भजनं म्हटली.

मधूनच आलेला माणूस

ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या. आठवड्याला वीस धरल्या तर ग्रंथ संपायला साडेआठ वर्षांहून जास्त लागतात, सप्ताह, सुतक, पेरणी यांचे खाडे वेगळेच. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस मधूनच येणार. आम्ही तेराव्या अध्यायात होतो तेव्हा नवीन माणसं जास्त गळाली. अकराशेच्या वर ओव्या, आणि क्षेत्र-क्षेत्रज्ञ म्हणजे काय हे पहिल्याच दिवशी कानावर पडलं की माणूस घाबरतो.

आता चातुर्मासात नव्यांसाठी बारावा अध्याय वेगळा घेतो. भक्तियोगाचा अध्याय, २४७ ओव्या. आषाढी ते कार्तिकी साधारण सतरा गुरुवार मिळतात, पंधरा-पंधरा ओव्या घेतल्या की बरोबर कार्तिकीला संपतो. मुख्य बैठकीच्या आधी अर्धा तास. कार्तिकीपर्यंत एक अख्खा अध्याय आपण वाचला, ही गोष्ट माणसाला फार धरून ठेवते. मुख्य बैठकीतही सुरुवातीची पाच मिनिटं मागचा धागा सांगण्यात घालवतो. जुन्यांना ते पुनरावृत्तीसारखं वाटतं. वाटू द्या.

वीज, वेळ आणि वर्गणी

एक शेतकरी एका गुरुवारी यायचा आणि दुसऱ्या गुरुवारी दांडी मारायचा. "याचा नेम नाही" असं आम्ही म्हणून मोकळे झालो होतो. प्रत्यक्षात त्याच्या पंपाला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री होती. रात्रीच्या आठवड्यात तो कपाशीला पाणी भरत होता. नेम त्याचाच पक्का होता, आमची चौकशी कच्ची होती. आता अशांना गेल्या गुरुवारच्या ओव्या कुणीतरी शेतावर जाता-येता सांगतं.

बायकांसाठी सुरू होण्याच्या वेळेपेक्षा संपण्याची वेळ महत्त्वाची. दहा म्हणजे दहा. एकदा पावणेअकरा झाले की पुढच्या वेळी घरून सोडत नाहीत.

वर्गणीचं पावतीपुस्तक तीन महिने नवीन माणसासमोर काढायचं नाही. सप्ताह जवळ आला असला तरी नाही.

फसलेले उपाय

आम्ही एकदा नव्या माणसांचा टोपी-नारळ देऊन सत्कार केला आणि माइकवर दोन शब्द बोलायला लावलं. हेतू चांगला होता. एक तरुण माइक हातात घेऊन नुसता उभा राहिला, कपाळावर घाम, आणि "रामकृष्णहरी" म्हणून खाली बसला. सत्कार झालेल्या सहांपैकी एक टिकला. त्यापेक्षा टाळ हातात देणं कितीतरी चांगलं. टाळ वाजवता आले नाहीत तरी हरिपाठात चालून जातं, शेजारी बघून ठेका सापडतो, आणि हाताला काम मिळालं की माणूस पाहुणा राहत नाही.

न आलेल्याला "का आला नाहीत?" असा फोनही करून पाहिला. लोक सबबी सांगायला लागले आणि मग रस्त्यात आम्हाला टाळायला लागले. आता त्याच्या गल्लीतलाच कुणीतरी जाता-जाता थांबतो आणि सांगतो, "तुमचा तो प्रश्न परवा निघाला होता, मास्तर तुमची आठवण काढत होते." त्यासाठी प्रश्न लिहून ठेवावा लागतो. हजेरीच्या वहीत नावापुढे मी आता तोच लिहिते.

सगळं सुटलं असं नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं अजूनही टिकत नाहीत, आणि त्याचं कारण मला अद्याप नीट सापडलेलं नाही. सुरतेच्या त्या मुलाच्या घरी मी मागच्या महिन्यात जाऊन आले. त्याची आई म्हणाली, दिवाळीला येणार आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी दाराशी मी माझी पाळी लावून घेतली आहे.